रुसूबाई, डावा कोपरा

मंगळवारच्या चर्चेत भिंगवाल्याने पडद्यावरच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर काठी टेकवली आणि म्हणाला, "बाकीचे सगळे सरकले, आणि ही बघा आमची रुसूबाई. हलायचं नावच घेत नाही." खोलीत बारा-तेरा माणसं होती, ती हसली. दुसऱ्या रांगेत बसलेली भट्टीवाल्याची बायकोही हसली, मान जराशी मागे टाकून, आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भट्टीवाल्याच्या हातातला कागदी पेला आपोआप चेपला गेला. चहा मनगटावरून बाहीत गेला. चांगला कढत होता, पण त्याला तो जाणवला दोन मिनिटांनी. तोवर भिंगवाला पुढच्या चित्रावर गेला होता आणि भट्टीवाला मात्र त्या एका शब्दापाशीच उभा राहिला होता. भट्टीवाला हे काही त्याचं नाव नव्हे. पंचवीस वर्षं तो या संस्थेत भट्ट्यांमध्ये स्फटिक वाढवत होता, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला भट्टीवालेच म्हणत. भिंगवाला हे नाव मात्र त्याने स्वतः ठेवलेलं. आठ महिन्यांपूर्वी तो माणूस आपला नवा सूक्ष्मदर्शक घेऊन आला तेव्हा. त्या यंत्रात भिंग औषधालासुद्धा नव्हतं. एक केसासारखी सुई स्फटिकावरून चुंबकाचं बळ चाचपत फिरायची आणि पडद्यावर ठिपके उमटायचे. पण मनातून एखाद्याला नाव ठेवायचं तर अचूकपणाची चैन कशाला?

शब्द काय, कुणाच्या बापाचा नसतो. रुसूबाई कोण म्हणत नाही? पण स्फटिकातल्या विजेच्या एका चकतीला रुसूबाई म्हणणारी माणसं साऱ्या जगात दोन होती, आणि ती दोघं एकाच घरात, एकाच पांघरुणात झोपत होती. तिसऱ्याला तो शब्द कुठून मिळाला? याचं उत्तर सरळ होतं, आणि सरळ होतं म्हणूनच ते झटकता येत नव्हतं. कधी सांगितला असेल तिने? सुई फिरत असताना वेळ जात नाही म्हणून? बोलता बोलता, कोपर टेबलावर टेकवून? आणि त्या शब्दामागची हकीकत सांगितली असेल का? ती सांगितल्याशिवाय तो शब्द सांगण्यात काही गंमतच नव्हती. म्हणजे सांगितली असणार. त्यांचं स्वयंपाकघर, त्या ताटल्या, तिचं ते कोपऱ्यात बसणं, सगळं त्या माणसाला आता ठाऊक असणार, आणि तो येताजाता "काय दादा, बरंय ना?" म्हणून हसत असणार.

ती हकीकत अकरा वर्षांपूर्वीची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन खोल्या, त्यातल्या एकीला खिडकी. तिला दूरच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांची नोकरी आली होती, आणि त्याने जेवता जेवता एवढंच म्हटलं होतं की जायचं तर जा, माझ्या भट्ट्या काही पाठीला बांधून नेता येत नाहीत. ती उठली, भांडी घासली, आणि ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या फटीत, गुडघे पोटाशी घेऊन बसली. एक तास झाला, दोन झाले. तो शेवटी आत गेला आणि काय बोलावं हे न सुचून त्याने ओट्यावरची घासलेल्या ताटल्यांची चळत बाजूने ढकलली. हा खेळ तिचाच. त्याला आपलं काम समजावून सांगायला तीच तो करायची. तुझा स्फटिक, ती म्हणायची, वरून अखंड दिसतो, पण आतून सगळा पापुद्र्यांचा. भरपूर गार केलास की त्यातून वीज बिनबोभाट वाहते, अडणं नाही की तापणं नाही. मग चुंबक जवळ आणला की त्याचं बळ बारीक धाग्यांनी आत घुसतं आणि प्रत्येक धाग्याभोवती विजेचा एक भोवरा फिरायला लागतो. दुसऱ्या कुठल्या धातूत तो भोवरा वरपासून खालपर्यंत एकजीव असता. तुझ्या स्फटिकात प्रत्येक पापुद्र्याची आपली वेगळी चकती, या ताटल्यांसारखी एकावर एक, एकमेकींना धरून, पण सैल. वीज सोडली की ती या चळतीला बाजूने ढकलते. आणि चळत सरकली की संपलं. वीज अडते, स्फटिक तापतो, सगळी पुण्याई जाते. म्हणून तिला धरून ठेवणारं काहीतरी आत लागतं. आणि धरून ठेवते कोण? खोट. कुठे एखादी सुरकुती, कुठे एखादा अणू गळालेला. "तू मेला सगळे स्फटिक निर्दोष करतोस," ती म्हणायची, "मला जरा खोटवाला दे ना एखादा." तर त्या रात्री त्याने चळत ढकलली, सगळ्या ताटल्या घसरल्या, वरची एक मात्र भिंतीच्या खिळ्याला अडकून राहिली. तो म्हणाला, "सगळ्या गेल्या, ही एक रुसूबाई बसली." ती आधी हसली नाही. मग हसली. त्या नोकरीला ती गेली नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच्या एका स्फटिकाच्या आलेखात तिला एक विचित्र उडी दिसली, विजेचा रोध हळूहळू चढायचा सोडून एकदम टुणकन चढला होता, आणि ती धावत भट्टीच्या खोलीत येऊन म्हणाली, "अरे, आत कुणीतरी रुसलंय!" ती उडी का येते, हे शोधण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. आतलं दिसत नव्हतं. आणि आता दिसायला लागलं होतं, तर ते त्या माणसाच्या सुईमुळे.

संध्याकाळी घरी तो कांदा चिरत म्हणाला, "तुमच्या त्या माणसाला भाषा बरी येते."

"कुठली भाषा?"

"हीच. आपली. रुसूबाई वगैरे."

"हो ना! मला इतकं हसू आलं," ती म्हणाली, आणि फोनवर कसलातरी आलेख मोठा करून बघू लागली. इतकंच. चोरी असती तर सारवासारव केली असती, असं एक मन म्हणालं. दुसरं म्हणालं, अरे मूर्खा, जिला चोरी वाटतच नाही ती सारवासारव कशाला करेल? त्याने विचारलं नाही. विचारणं म्हणजे कबूल करणं झालं असतं की बावन्नाव्या वर्षी, डोक्यावरचे केस आणि कमरेचा पट्टा दोन्ही हाताबाहेर गेल्यावर, आपण एका शब्दासाठी जळतोय. तो कांदा चिरत राहिला. रडायला कारण आयतंच होतं.

जळण्याचं असं असतं की एकदा पेटलं की मागचं सगळं सरपण आपणहून पुढे येतं. आल्या आल्या तो माणूस तिला वहिनी म्हणायचा. 'वहिनी, जरा हे तापमान बघता का?' दोनेक महिन्यांनी वहिनीचं मॅडम झालं. हरकत नाही, कचेरीची रीत. मग एक दिवस मॅडमही गळलं. कधी गळलं ते भट्टीवाल्याला नेमकं ठाऊक होतं. पावणेबाराला, स्फटिक गार करायच्या हीलियमच्या टाकीपाशी. 'हे बघ ना' म्हणाला तो. बघ ना! तिनेही काही म्हटलं नाही, बघितलं. त्याला मात्र तो अजून दादा म्हणत होता, म्हणजे दादाच्या बायकोला अगं-तुगं. एखादं नातं खाली उतरवायचं आणि दुसरं तसंच टांगून ठेवायचं, हा कुठला हिशोब? हे कुणाजवळ बोलता येण्यासारखं नव्हतं. हीलियम भरणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "भट्टीवाले, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" तेव्हा त्याने दाताचं निमित्त सांगितलं. त्यांनी लवंग दिली. ती तो दिवसभर चावत राहिला.

बुधवारी तो सूक्ष्मदर्शकाच्या खोलीवरून गेला. जायला दुसरा जिना होता, तरी त्याच जिन्याने गेला. दाराला वीतभर काच. ती पडद्यासमोर खुर्चीत बसली होती आणि भिंगवाला तिच्या मागे उभा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. बोलत होते ते कामाचंच. पडद्यावर एक ठिपका ताणला जाऊन शेपटासारखा लांबला होता. वरच्या चकत्या डाव्या कोपऱ्यात अडकलेल्या, खालच्या पुढे निघालेल्या, चळत मधूनच तिरकी. अकरा वर्षांच्या उडीचा उलगडा तो हाच, हे दाराबाहेरूनही कळत होतं, आणि तिचा हात तोंडावर गेला होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचं लक्ष गेलं तिच्या टाळूकडे. तिच्या डोक्याला दोन भोवरे होते, शेजारी शेजारी, उलट्या दिशांनी फिरणारे. लग्नाच्या दिवशी त्याची आत्या केस विंचरताना सगळ्यांदेखत ओरडली होती, "अगंबाई, दोन भोवरे! ही तर दुसरं लग्न करणार हो!" सगळे हसले होते, तोही. ते दोन भोवरे बसलेल्या बायकोच्या मागे उभं राहिल्याशिवाय दिसत नाहीत. आजवर तिथे तोच उभा राहिला होता. आता तिथे हा उभा होता, आणि त्याच्या हनुवटीखाली, अगदी टीचभर अंतरावर, ते दोन्ही भोवरे होते. बघत तो पडद्याकडेच होता, हे खरं. पण खरं असून त्याचा काय उपयोग? भट्टीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तो तसाच ताठ चालत आपल्या खोलीत येऊन बसला.

दुपारी तीच आली. चेहरा फुललेला. इतका फुललेला चेहरा त्याने फार दिवसांत बघितला नव्हता, आणि तो आपल्यामुळे नाही हेही त्याला लगेच दिसलं. "ऐक," ती म्हणाली, "शुक्रवारी शेवटचं मोजमाप. त्यानंतर हीलियम दुसऱ्यांना जाणार, चार महिने आपला नंबर नाही. फक्त वीज वाढवत जायची आणि अडकलेली चळत कुठल्या क्षणी सुटते ते बघायचं. तेवढं मिळालं की झालं रे माझं." तिने तांब्याची पट्टी त्याच्यासमोर ठेवली, तिच्यावर तो स्फटिक, करंगळीच्या नखाएवढा, काळा. "एक तार सुटलीये. तूच लावून दे. तुझ्यासारखा हात इथे कुणाचा नाही." आपल्याशिवाय अडतं तर! क्षणभर बरं वाटलं त्याला. मग ती जाता जाता म्हणाली, "त्यालाही हेच म्हटलं मी," आणि ते बरं वाटणंही हातातून गेलं.

गुरुवारी सकाळी त्याने तार लावली. चांदीच्या पेस्टचा थेंब, वर दिव्याची ऊब, दहा मिनिटांचं काम. स्फटिक त्याचाच, अकरा वर्षांपूर्वी त्याच्याच भट्टीतून आलेला, ती पहिली उडी ज्यात दिसली तोच. मधल्या काळात तो तिच्या कपाटात होता आणि आता भिंगवाल्याच्या, तो ठेवायची डबीसुद्धा तिकडेच. वरचा पृष्ठभाग हवेने मळकट झालेला. त्याने तो दिव्याखाली तिरका धरला, आणि डाव्या कोपऱ्यात एक केसाएवढी सुरकुती चमकली. म्हणजे इथे बसते ही. इतकीशी? अशा स्फटिकाचा नवा पृष्ठभाग काढायचा तर एकच पद्धत, साधी चिकटपट्टी. वर दाबायची आणि ओढायची, एक पापुद्रा तिच्याबरोबर येतो. दिवसातून दहा वेळा तो हे करायचा. मळकट पृष्ठभाग दिला तर लोक काय म्हणतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगितलं आणि त्यावर त्याचा विश्वास बसला नाही, हेही त्याला दिसलं. हात मात्र थांबला नाही. त्याने टेपचा तुकडा कापला, दाबला, बोटाने दोनदा चोळला. ओढताना कागद सोलल्यासारखा बारीक आवाज आला. खालचा पृष्ठभाग आरशासारखा निघाला. त्याने दिव्याखाली बघितलं; डावा कोपरा सपाट, बाळाच्या गालासारखा. त्याच्या जन्मभराच्या कामाचा तो उत्तम नमुना होता. बस आता, भिंगवाल्या, तो मनात म्हणाला, हसव तिला. आणि लगेच त्याने टेपवरचा तो पापुद्रा उजेडात धरला. पण निघालेला पापुद्रा परत लावण्याची पद्धत जगात कुणाला माहीत नाही. तुकडा त्याने गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकला.

शुक्रवारी अकराला स्फटिक गार झाला. तो तिथे गेला नसता, पण तिनेच बोलावलं होतं, "तू हवास तिथे." चुंबक लावला, ठिपके उमटले, एकसारख्या अंतरावर, नीट रांगोळीसारखे. ती हात चोळत होती. भिंगवाल्याने वीज सोडली. ठिपके सरकायला लागले, सगळे, एका चालीने, डाव्या कोपऱ्यातले सुद्धा. कुणी थबकलं नाही. वीज थोडी वाढवली, ते जोराने सरकले. रोध पहिल्यापासूनच चढत गेला, गुळगुळीत, उडीबिडी काही नाही. "परत," ती म्हणाली. परत केलं. चुंबक काढून, तापवून, पुन्हा गार करून केलं. त्यात दोन तास गेले आणि हीलियमचा काटा खाली आला. ठिपके नळ सोडल्यासारखे वाहून जात होते. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला. "इथेच होती ती," ती म्हणाली, "इथे. परवा इथे होती." ती कुणाशी बोलत नव्हती. तिचा आवाज इतका लहान झालेला त्याने कधी ऐकला नव्हता, त्या दोन खोल्यांतल्या कोपऱ्यातसुद्धा नाही.

"स्फटिक तोच आहे ना?" भिंगवाला म्हणाला. "सकाळी बसवतानाच मला वाटलं, आज फार लख्ख दिसतोय. थांबा, डबी बघू." त्याने कपाटातून ती चपटी प्लॅस्टिकची डबी काढली आणि झाकण उलटं करून दिव्याखाली धरलं. "हे बघा, दादा, हे तुमचंच अक्षर ना? मला पहिल्या दिवशीच इतकं आवडलं हे. मंगळवारी इथलाच शब्द उचलला मी, तुम्हाला न विचारता." आणि त्याने मोठ्याने वाचलं, "रुसूबाई, डावा कोपरा, अगदी वरचा पापुद्रा. टेप लावू नये."

अक्षर त्याचंच होतं. शाई विटलेली, 'नये'खाली दोन रेघा. लिहिल्याचं त्याला आत्ता, त्या क्षणी आठवलं. तिच्या त्या उडीच्या दुसऱ्याच दिवशी, भट्टीच्या खोलीत, ओट्याचा तो डावा कोपरा आणि वरची ताटली आठवून, गालातल्या गालात हसत त्याने ते गंमत म्हणून लिहिलं होतं, तिने डबी उघडली की दिसावं म्हणून. तिने कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगणारा तोच. त्याचे कान तापले. लपवाछपवी त्याला कधी जमली नव्हती. कान सगळं बोलायचे. तिने झाकणाकडे बघितलं, मग त्या लख्ख स्फटिकाच्या चित्राकडे, मग त्याच्या कानांकडे. "जरा बाहेर ये," ती म्हणाली.

बाहेर बोळात पंप धडधडत होता. तिला दोनदा विचारावं लागलं.

"लावलीस ना?"

"एकच पापुद्रा," तो म्हणाला.

"का?"

मळकट होता म्हणून, हे ओठांवर होतं. पण तिच्यासमोर ते निघेना. "मला वाटलं, तू त्याला सांगितलंस. आपला तो शब्द."

आधी तिला कळलंच नाही, आणि मग कळलं ते तिच्या चेहऱ्यावर वरून खाली उतरताना त्याने बघितलं. "विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस. आणि मला ते पटलं नसतं."

"अकरा वर्षं रे," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि ऐक, आता निघालंच आहे तर सांगते. त्या दिवशी मी कोपऱ्यात रुसून बसले नव्हते. जावं की न जावं, याचा विचार करत होते. तू आलास, ताटल्या ढकलल्यास, आणि मी रुसलेय असं ठरवून मोकळा झालास. मला हसू आलं, म्हणून राहिले." तिने डोळे पुसले, हाताच्या मागच्या बाजूने, पटकन. "मी आत जाते. टेप मी लावली म्हणून सांगते त्याला. चुकून."

"तू कशाला? मी सांगतो ना."

"तू लावलीस हे कळलं तर का लावलीस हेही त्याला कळेल. तेवढा हुशार आहे तो. आणि मग तो मला परत वहिनी म्हणायला लागेल. ते मला नको आहे. मला त्याच्याबरोबर काम करायचंय." एवढं बोलून ती आत गेली.

तो दाराच्या त्या वीतभर काचेशी उभा राहिला. हीलियमवाल्या बाई रिकामी टाकी ढकलत आल्या, त्याच्याकडे बघितलं, लवंग वगैरे काही काढली नाही, आणि निघून गेल्या. आत ती उभ्यानेच बोलत होती, हात पाठीमागे बांधून, चुकलेल्या शाळकरी मुलीसारखी. न केलेल्या चुकीबद्दल ती किती नीट माफी मागत होती! भिंगवाल्याने आधी कपाळावर हात मारला. काहीतरी जोरात म्हणाला. तिची मान खाली गेली. मग तो थांबला, तिच्याकडे बघितलं, खुर्ची ओढून तिला बसवलं, आणि मागे उभा राहून तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोन्ही भोवरे त्याच्या हनुवटीखाली. ती रडत होती. अशी ती घरी कधी रडली नव्हती. आत जायचं, मी केलं म्हणायचं, पाच पावलं. त्याने दारावर टकटक करायला हात उचलला. तिने काचेतून त्याला बघितलं आणि मान हलवली. नाही. एकदाच.

त्याने हात खाली घेतला. भिंगवाल्याने वळून बघितलं, "एक मिनिट हं, दादा," असं तोंडाने करून हसला, आणि किंचित उघडं राहिलेलं दार आतून नीट लावून घेतलं. पंपाचा आवाज फार येत होता.